वॉर्डातला शिक्षक

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एमडी किंवा एमएसचे शिक्षण घेता घेता पूर्णवेळ रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरला निवासी डॉक्टर म्हणतात. विद्यापीठाच्या लेखी तो विद्यार्थी असतो, रुग्णाच्या लेखी डॉक्टर. या दोन ओळखींच्या आड त्याची तिसरी ओळख झाकली जाते, ती म्हणजे एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचा शिक्षक. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात व्याख्यानापुढे प्राध्यापकांचे नाव असते. पण रक्तदाब कसा घ्यावा, पोट तपासताना हात कुठे ठेवावा, सलाइनसाठी शीर कशी शोधावी, घाबरलेल्या नातेवाइकाला काय सांगावे, या गोष्टी बहुतेक डॉक्टर आपल्याहून चार-सहा वर्षांनीच मोठ्या असलेल्या निवासींकडून शिकलेले असतात. मुंबईच्या जुन्या रुग्णालयांत पहिल्या वर्षाच्या निवासीला हाउसमन आणि वरच्या वर्षांतल्यांना रजिस्ट्रार म्हणण्याची रीत अजून आहे. कागदोपत्री तेच ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे जेआर-वन, जेआर-टू, जेआर-थ्री.

हे शिक्षण योगायोगाने घडत नाही. निवासी पद्धतीच्या मांडणीतच ते होते. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तिथे वैद्यकशास्त्रात विल्यम ऑस्लर आणि शल्यचिकित्सेत विल्यम हॉल्स्टेड यांनी ही पद्धत बसवली. पदवी मिळालेले तरुण डॉक्टर रुग्णालयाच्या आवारातच राहत, म्हणून ते निवासी. १८९३ मध्ये तिथे वैद्यकीय विद्यालय उघडले आणि ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून वॉर्डात आणले. रुग्णाची हकीकत लिहून घेणे, साध्या तपासण्या करणे, रोज त्याची प्रगती पाहणे ही कामे त्यांच्याकडे आली. आपण वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवले एवढीच नोंद आपल्या थडग्यावर पुरे, अशा अर्थाचे ऑस्लर यांनी लिहून ठेवले आहे. पण प्रमुख डॉक्टर दिवसभर खाटेपाशी थांबू शकत नाही. त्याची राउंड संपल्यावर विद्यार्थी ज्यांच्या मागे फिरत ते निवासीच होते. वरचा खालच्याला शिकवतो आणि शिकवता शिकवता स्वतः वर चढतो, अशी ही शिडी होती. अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० च्या अहवालाने हॉपकिन्सचा नमुना अमेरिकेपुढे आदर्श म्हणून ठेवला आणि पुढे तो जगभर पसरला.

भारतात घडण ब्रिटिश वळणाची होती. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ चे. हाउस सर्जन आणि रजिस्ट्रार ही नावे त्याच परंपरेतली. मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत अनेक दशके नामांकित डॉक्टर मानद पदावर काम करत. त्यांना सगळे ऑनररी म्हणत. ते सकाळी राउंड घेत, शस्त्रक्रिया करत आणि नंतर स्वतःच्या प्रॅक्टिसला जात. उरलेला दिवस आणि सगळी रात्र वॉर्ड निवासींच्या हाती असे. ज्या विद्यार्थ्याला खरोखर शिकायचे असे तो युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी रात्री थांबे. त्या पिढ्यांतल्या उत्तम चिकित्सकांच्या हातातले कसब बरेचसे या रात्रींत आलेले आहे. सकाळच्या राउंडने त्या कसबाला शिस्त आणि विचार दिला, पण हात वळला तो रात्री.

आज पूर्णवेळ अध्यापक आले आहेत, तरी रचनेचा गाभा तोच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आणि इंटर्नच्या शिक्षणात भाग घ्यावा, अशी अपेक्षा नियमांत पूर्वीपासून आहे. २०१९ मध्ये एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात लर्नर-डॉक्टर नावाची पद्धत आहे. विद्यार्थ्याने रुग्ण दाखल होताना हजर असावे, हकीकत घ्यावी, तपासण्यांचा आणि उपचारांचा माग ठेवावा, सुटी होईपर्यंत त्याच्यासोबत राहावे. कल्पना ऑस्लर यांचीच आहे, फक्त नव्या नावाने आलेली. पण रुग्ण रात्री अकराला दाखल होतो तेव्हा विद्यार्थ्याला केस समजावून सांगायला तिथे कोण असते? निवासी. म्हणजे नव्या अभ्यासक्रमातला सर्वांत महत्त्वाचा भाग ज्या खांद्यांवर उभा आहे, त्यांना शिकवण्याची कसलीही तयारी मिळत नाही. अध्यापकांना बढतीसाठी वैद्यकीय शिक्षणशास्त्राचा मूलभूत अभ्यासक्रम करावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती, नीतिशास्त्र, हृदयपुनरुज्जीवन यांचे अभ्यासक्रम सक्तीचे झाले. शिकवायचे कसे हे शिकण्याचे मात्र कोणी बंधन घातलेले नाही. स्वतःला येते म्हणजे शिकवताही येते, हे गृहीतच धरलेले असते.

हे गृहीत पूर्ण चुकीचे नाही, आणि त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. निवासी काही बाबतींत प्राध्यापकांपेक्षा चांगले शिकवतात. मायट्रल स्टेनोसिसचा मर्मर हे त्याचे ठळक उदाहरण. संधिवाताच्या तापाने झडपा आकसलेले रुग्ण आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत अजून येतात आणि परीक्षेतही ही केस हमखास असते. प्राध्यापक स्टेथोस्कोप टेकवतात आणि दोन ठोक्यांत निदान सांगतात. ते कसे ओळखले, हे त्यांना स्वतःलाही शब्दांत मांडता येत नाही, कारण तीस वर्षांच्या सवयीने मधल्या पायऱ्या पुसल्या गेलेल्या असतात. विद्यार्थ्याला फक्त धडधड ऐकू येते. अशा वेळी रजिस्ट्रार मॅम रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, डायफ्रामऐवजी बेल लावायला सांगतात, रुग्णाला श्वास सोडून थांबायला सांगतात आणि विद्यार्थ्याचे बोट मानेतल्या कॅरोटिड नाडीवर ठेवून म्हणतात, ‘‘बोटाला ठोका लागतो तो पहिला आवाज. आता त्या दोन आवाजांच्या मधल्या लांब जागेत ऐक.’’ आणि ऐकू येते. चार वर्षांपूर्वी त्यांनाही ऐकू येत नव्हते आणि कुणीतरी त्यांचे बोट असेच मानेवर ठेवले होते.

प्लीहेचेही तसेच. नवखा विद्यार्थी डाव्या बरगडीखाली हात घालून चाचपतो, काही लागत नाही, आणि प्लीहा वाढलेली नाही असे लिहून मोकळा होतो. प्लीहा बेंबीच्या पलीकडे पोहोचलेली असते तेव्हा हात सुरुवातीपासूनच तिच्या वर असतो आणि कडा सापडतच नाही. म्हणून तपासणी उजव्या कुशीच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करून हळूहळू वर सरकायचे असते. हे पुस्तकात लिहिलेले आहे. पण ज्या निवासीने स्वतः ही चूक केली आणि राउंडला सर्वांसमोर बोलणी खाल्ली, तो हे सांगतो तेव्हा विद्यार्थी ते कधी विसरत नाही. अज्ञानाशी असलेली ही जवळीक म्हणजेच निवासीचे शिक्षक म्हणून मोठे भांडवल. शिक्षणशास्त्रात याला आकलनाची समपातळी म्हणतात: शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याची अडचण नेमकी कुठे आहे हे दिसते, कारण तो नुकताच तिथून पुढे आलेला असतो.

दुसरे भांडवल आहे ते हजेरीचे. पावसाळ्यात मुंबईच्या मेडिसिन वॉर्डात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण खाटा पुरेनाशा होतील इतके येतात. डेंग्यूच्या रुग्णाच्या प्लेटलेटच्या आकड्याकडे नातेवाइकांचे डोळे लागलेले असतात आणि विद्यार्थ्यांचेही. ज्या निवासीने असा रुग्ण रात्रभर दर तासाला पाहिलेला असतो, तो विद्यार्थ्याचे लक्ष दुसरीकडे वळवतो: ताप उतरला आहे, म्हणजे धोका टळला असे समजू नका, खरा धोका आता सुरू होतो, हिमॅटोक्रिट चढतोय का पाहा, वरच्या आणि खालच्या रक्तदाबातले अंतर २० वर आले आहे, हातपाय गार पडतायत. व्याख्यानात हाच मजकूर एका स्लाइडवर असतो. खाटेपाशी तो एका माणसाच्या चेहऱ्यासकट येतो, आणि रात्री दोनला घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही हे सकाळी सहाला दिसते. विचार आणि परिणाम यांच्यात इतके कमी अंतर असलेली दुसरी शाळा नाही.

निवासींचा हा वाटा मोजण्याचे प्रयत्न प्रामुख्याने अमेरिकेत झाले. तिथल्या एका पाहणीत आपल्या वैद्यकीय ज्ञानाचा सुमारे एक तृतीयांश भाग निवासींकडून मिळाला, असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. तिथल्या वैद्यकीय विद्यालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने तर अटच घातली आहे की, विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या निवासींना अभ्यासक्रमाची उद्दिष्टे माहीत असली पाहिजेत आणि शिकवण्याची तयारी करून दिली पाहिजे. ही तयारी फार मोठी लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत एलिझाबेथ मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवासींसाठी १३ तासांचा अभ्यासक्रम आखला आणि निवासींचे दोन गट पाडून तो पारखला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रशिक्षण घेतलेल्यांचे शिकवणे स्पष्टपणे सुधारलेले दिसले. तीन वर्षांच्या निवासी काळात १३ तास म्हणजे एका लांबलेल्या इमर्जन्सी ड्युटीहूनही कमी.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. निवासींना वेळ कुठे आहे? केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशानुसार निवासींचे सलग काम दिवसाला साधारण १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावे. प्रत्यक्षात मोठ्या सरकारी रुग्णालयांत सलग ३६ तासांची ड्युटी नवलाची नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लिबी झायन या तरुणीचा मृत्यू झाला. त्यावरून थकलेल्या निवासींचा प्रश्न गाजला आणि २००३ मध्ये देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. आपल्याकडे नियम आधी झाला आणि पाळणे मागे राहिले. नाश्ता न केलेल्या, कालपासून न झोपलेल्या माणसाने सहा विद्यार्थ्यांना धीराने शिकवावे अशी अपेक्षा करणे क्रूर आहे. त्याच्या तोंडून तेव्हा शिकवण्याऐवजी चिडचिडच निघते. म्हणून निवासींच्या ड्युटीचे तास हा त्यांच्या संघटनेच्या मागणीपत्रातला मुद्दा आहे तितकाच एमबीबीएसच्या शिक्षणाचाही आहे, ही गोष्ट महाविद्यालयांनी कधी नीट मनावर घेतलेली नाही.

तरीही आक्षेपाचा एक भाग गैरसमजावर उभा आहे. शिकवणे म्हणजे फळा, खडू आणि पाऊण तास, असे मानले की वेळ कधीच सापडणार नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या काही फॅमिली फिजिशियन शिक्षकांनी मांडलेली एक रीत जगभर वापरात आहे. तिचे नावच एका मिनिटाचे शिक्षण अशा अर्थाचे आहे. विद्यार्थ्याने केस सांगितली की निवासीने लगेच निदान सांगून टाकायचे नाही. आधी विचारायचे, तुला काय वाटते? मग, कशावरून? त्यानंतर त्या केसपुरता एकच सर्वसाधारण नियम सांगायचा, जे बरोबर केले ते नाव घेऊन सांगायचे आणि चुकले ते दुरुस्त करायचे. पहिल्या प्रश्नातच सगळी किमया आहे. विद्यार्थी चूक का होईना, एका निदानावर पाय रोवतो, आणि पाय रोवलेल्यालाच आपण कुठे घसरलो ते कळते. आपल्याकडच्या वॉर्डात प्रश्न भरपूर विचारले जातात, पण त्यांतले अनेक विद्यार्थ्याला गप्प करण्यासाठी असतात. एखाद्या दुर्मिळ सिंड्रोमची पाच लक्षणे विचारून चारचौघांत खाली मान घालायला लावणे ही परंपरा वरून खाली झिरपत आलेली आहे, आणि निवासी तिचा बळीही असतो आणि वाहकही. तिचे समर्थन करण्यासारखे काही नाही. अपमानाने पाठ झालेली यादी परीक्षेपर्यंत टिकते. अपमानाच्या भीतीने न विचारलेली शंका पुढे रुग्णाला भोवते.

विद्यार्थ्याला कामाला लावणे आणि शिकवणे यांतली रेषाही अशीच पाहावी लागते. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, रिपोर्ट आणणे, केसपेपर शोधणे यांत विद्यार्थ्यांचे आणि विशेषतः इंटर्नचे तासन् तास जातात. ही कामे मनुष्यबळाच्या तुटवड्याने त्यांच्या अंगावर पडतात आणि त्यांना शिक्षण म्हणणे खोटे आहे. पण तेच काम एका प्रश्नाने बदलू शकते. पोटॅशियमचा रिपोर्ट ६.८ आला, तर तो घेऊन येणाऱ्याला विचारता येते: नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असतील का? फेरतपासणी पाठवू, पण ईसीजी आधी का काढायचा? टी लाटा उंच, टोकदार दिसल्या तर पहिले इंजेक्शन कुठले आणि ते पोटॅशियम कमी करते की हृदयाला सांभाळते? रिपोर्ट आणणारा हमाल या तीन प्रश्नांत डॉक्टर होऊ लागतो.

आतापर्यंत कौशल्याचा विचार झाला. वागणुकीचे शिक्षण याहून खोल जाते आणि त्यावर कोणाचेही लक्ष नसते. वैद्यकीय समाजशास्त्रात याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांच्या १९९४ च्या लेखापासून ही कल्पना वैद्यकीय शिक्षणात रुळली. २०१९ च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी स्वतंत्र तासिका आल्या, हे चांगलेच झाले. पण व्याख्यानगृहात संमतीवर तासिका ऐकून वॉर्डात आलेल्या विद्यार्थ्याला पडदा न ओढता स्त्री रुग्णाची तपासणी झालेली दिसली, तर त्याच्या मनावर कोरले जाते ते दुसरे. निवासी सिस्टरशी कसा बोलतो, आयाबाईंना हाक कशी मारतो, रुग्णाला नावाने ओळखतो की खाटेच्या आकड्याने, दोन रुग्णांच्या मधे हात धुतो का, छातीला स्टेथोस्कोप न लावताच छाती स्वच्छ असल्याचे लिहितो का, हे सगळे वीस वर्षांचा विद्यार्थी टिपत असतो. मृत्यूची बातमी देण्याचे तर वेगळे शिक्षण क्वचितच होते. पहाटे व्हरांड्यात एखाद्या निवासीने म्हाताऱ्या बापाला बाकावर बसवून, स्वतःही शेजारी बसून ती बातमी सांगितली, तर बाजूला उभा असलेला विद्यार्थी तसे सांगायला शिकतो. उभ्याउभ्या, फाइलवर सही करता करता सांगितली, तर तो तेही शिकतो. घाईची रीत सोपी असते आणि म्हणून लवकर उचलली जाते. निवासींना शिकवण्याची तयारी करून द्यायला हवी याचे सर्वांत मोठे कारण इथे आहे: ते शिकवायचे ठरवोत किंवा न ठरवोत, त्यांच्याकडून शिकले जातेच.

महाराष्ट्रातल्या वॉर्डांत या नात्याला भाषेचा एक वेगळा पदर आहे. शासकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी ५० टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, तर एमबीबीएसला हा वाटा १५ टक्के असतो. त्यामुळे निवासी केरळचा, राजस्थानचा किंवा तेलंगणाचा आणि विद्यार्थी बहुतेक महाराष्ट्रातले, असे चित्र नेहमी दिसते. रुग्ण खानदेशातून आला असेल तर अहिराणीत बोलतो, विदर्भातला वऱ्हाडीत. ‘छातीत कळ येते’ आणि ‘छातीत जड वाटते’ यांतला फरक, किंवा ‘जीव घाबरतो’ म्हणणाऱ्या बाईला धडधड होते आहे, दम लागतो आहे की मळमळते आहे, हे शब्दकोशात सापडत नाही. तिथे विद्यार्थी दुभाषा होतो आणि काही मिनिटांपुरता निवासीचा शिक्षकही. जे निवासी ही मदत मोकळेपणाने मागतात ते विद्यार्थ्याला फार मोठी गोष्ट देतात: ज्येष्ठालाही न समजणारे काही असते आणि ते विचारण्यात कमीपणा नसतो. खाटेभोवतीची चर्चा इंग्रजीत चालते आणि रुग्ण एका चेहऱ्यावरून दुसऱ्याकडे पाहत राहतो. चर्चा संपल्यावर तिचे सार त्याच्या भाषेत सांगण्याचे काम विद्यार्थ्यावर सोपवले, तर रुग्णाचा मान राहतो आणि विद्यार्थ्याला केस खरोखर कळली की नाही हेही उघड होते. आपल्या शरीरावर दहा विद्यार्थ्यांनी हात शिकावा म्हणून परवानगी देणाऱ्या माणसाचे एवढे देणे लागतेच.

या शिक्षणाची किंमत ते थांबले तेव्हा दिसली. २०२० मध्ये करोनाची साथ आली, विद्यार्थ्यांना घरी पाठवले गेले आणि निवासी पीपीई किटमध्ये कोविड वॉर्डात अडकले. व्याख्याने फोनच्या पडद्यावर आली. वॉर्डातले शिक्षण पडद्यावर येऊ शकले नाही. प्लीहेची कडा बोटालाच लागावी लागते. साथ संपल्यावरही विद्यार्थ्यांची पावले वॉर्डाबाहेर ओढणारी एक गोष्ट शिल्लक आहे, ती पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा. ती बहुपर्यायी प्रश्नांवर ठरते, म्हणून विद्यार्थी हजेरीपुरते क्लिनिकला येतात आणि लायब्ररीत ॲप उघडून बसतात. लॉगबुकवरची सही निवासीकडून मिळते आणि निवासी स्वतः त्याच वाटेने आलेला असल्याने ती देतोही. विद्यार्थ्याला परत खेचू शकणाराही पुन्हा तोच असतो. टाका घालू देणारा, पहिला प्ल्युरल टॅप शेजारी उभे राहून करू देणारा निवासी असेल, तर त्या युनिटला विद्यार्थी रात्रीही थांबतात.

त्याचा निवासीलाही लाभ होतो. ‘मेटफॉर्मिन आज का बंद केले?’ या विद्यार्थ्याच्या साध्या प्रश्नाला ‘सरांनी सांगितले म्हणून’ हे उत्तर पुरत नाही, आणि निवासीला त्या रात्री क्रिएटिनिन आणि कॉन्ट्रास्ट सीटी यांचा संबंध पुन्हा वाचावा लागतो. मात्र निवासी अर्धवट शिकलेला असतो हेही खरे. त्याने आत्मविश्वासाने सांगितलेली चूक विद्यार्थी वर्षानुवर्षे बाळगतो. म्हणून अध्यापकांनी निवासीला शिकवताना अधूनमधून पाहायला हवे, राउंडला विद्यार्थ्याकडून केस ऐकावी आणि निवासीने काय शिकवले ते पडताळावे. निवासी आहे म्हणून क्लिनिक त्याच्यावर टाकून अध्यापक खोलीत बसले, तर शिडीची वरची पायरीच निखळते. शिकवण्याची नोंद निवासीच्या लॉगबुकात शस्त्रक्रियांच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे व्हावी, विद्यार्थ्यांचे निनावी अभिप्राय त्याला मिळावेत, आणि ड्युटीच्या तक्त्यात इमर्जन्सीनंतरच्या दिवशी त्याच्याकडे क्लिनिक लावू नये. यांतल्या कशालाही मोठा खर्च नाही.

काही जुन्या शासकीय महाविद्यालयांत एमबीबीएसची तुकडी आता २५० वर गेली आहे. एका खाटेभोवती वीस-पंचवीस विद्यार्थी उभे राहिले की मागच्या रांगेला रुग्णाचे पायही दिसत नाहीत. अशा गर्दीत चार-चारांचे गट करून निवासींकडे देणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी उघडलेल्या नव्या महाविद्यालयांची अडचण उलटी आहे. तिथे पदवीच्या तुकड्या आधी येतात आणि पदव्युत्तर जागा बहुधा काही वर्षांनी. मधल्या काळात वॉर्डात अध्यापक असतात, विद्यार्थी असतात, पण त्यांना जोडणारी पायरी नसते. तिथे हे काम मोजक्या सीनियर रेसिडेंटांवर, ट्यूटरांवर आणि जिल्हा रुग्णालयातून आलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांवर पडते. त्यांतल्या अनेकांनी वर्षानुवर्षे सर्पदंश, विषबाधा आणि अडलेली बाळंतपणे एकट्याने हाताळलेली असतात. शिकवण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ असते. तेरा तासांच्या तयारीची सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडलाच, तर ती या वॉर्डांतून करता येईल.